मोरोक्कोतल्या एसाविराला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरोक्कोला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी कासाब्लांका, फेझ, माराकेश आणि वाळवंटातली एक रात्र एवढं करून परततात. अटलांटिकच्या काठावरचं एसाविरा एकतर यादीतच नसतं, नाहीतर माराकेशहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढ्यावर उरकलं जातं. हे शहर मला मनापासून आवडतं. त्याला पुरेसा वेळ द्यावा असं वाटतं, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एसाविरा कुठे आहे?

माराकेशच्या पश्चिमेला, पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटरवर, थेट समुद्रावर. दक्षिणेला अगादीर, उत्तरेला साफी. जुन्या नकाशांत आणि पुस्तकांत हेच शहर मोगादोर नावाने सापडतं. तटबंदीच्या आतला जुना भाग म्हणजे मदिना. २००१ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

माराकेशहून एका दिवसात करून येता येईल का?

येईल, पण करू नका. जाऊन-येऊन पाच ते सहा तास रस्त्यातच जातात. सहलीच्या गाड्या पोचतात भर दुपारी, नेमका वारा चढलेला असताना, आणि ऊन उतरून तटाचे दगड सोनेरी दिसू लागायच्या आत परत निघतात. बंदरातली मासळीची घाई, दुकानं उघडण्याआधीच्या रिकाम्या गल्ल्या, दिवसाची गर्दी गेल्यावरचा मुलाय हसन चौक, यातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नाही. किमान दोन रात्री ठेवा. मोरोक्कोत एकूण आठवडाच असेल तर माझ्या मते माराकेशची एक रात्र कमी करून इथे द्यावी.

कधी जावं? वाऱ्याबद्दल फार ऐकलंय.

ऐकलंय ते खरं आहे. एप्रिल ते सप्टेंबर उत्तर-ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. किनाऱ्यालगत समुद्राचा थंड प्रवाह आहे आणि आत माराकेशकडची जमीन तापलेली असते. तापलेली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत धावते आणि दुपारी वाऱ्याचा जोर वाढतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये माराकेश चाळिशीकडे जात असताना एसाविरात पारा बहुधा बावीस-तेवीसच्या आसपास असतो. मोरोक्कोतलीच माणसं उन्हाळ्यात इथे गारव्याला येतात.

फक्त त्या दिवसांत दुपारी किनाऱ्यावर पसरून पडायची कल्पना सोडून द्या, कारण वाळू अंगावर उडते. सकाळ बाहेर घालवा, दुपारी मदिनेच्या गल्ल्यांत शिरा. तिथल्या उंच भिंतींमुळे वारा पुष्कळ अडतो.

निवांत फिरायचं असेल तर मला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सर्वांत बरा वाटतो. हिवाळ्यात दिवसा अठराच्या आसपास, छान ऊन, अधूनमधून पाऊस. मात्र जुन्या घरांच्या भिंतींना ओल असते आणि रात्री गारठा जाणवतो, म्हणून खोली घेताना हीटर आहे का ते विचारून घ्या. पातळ जॅकेट आणि कान झाकणारा स्कार्फ कुठल्याही महिन्यात बॅगेत असू द्या.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. भारतीयांसाठी ई-व्हिसाची सोय आहे. मोरोक्को सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करायचा. दलालांची तशीच दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तेव्हा पत्ता नीट तपासा. मुक्काम एका वेळी तीस दिवसांपर्यंत. शुल्क आणि कागदपत्रं बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी ते बघून घ्या आणि मंजुरीची छापील प्रत जवळ ठेवा.

मुंबई-पुण्याहून पोचायचं कसं?

मुंबईहून सहसा दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे कासाब्लांका गाठतात. तिथून माराकेशपर्यंत रेल्वे आहे. पुढे एसाविराला रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सीच. माराकेशहून सीटीएम आणि सुप्राटूर्स या दोन कंपन्यांच्या बस भरवशाच्या आहेत. सुप्राटूर्स ही रेल्वेशी जोडलेली सेवा असल्यामुळे तिच्या गाड्या माराकेश स्थानकाजवळूनच सुटतात. प्रवास तीन तासांच्या आसपास. सुट्टीच्या दिवसांत आणि जूनमध्ये जागा आदल्या दिवशी भरलेल्या असतात, तिकीट आधी काढा. चार-पाच जण असाल तर 'ग्रां टॅक्सी', म्हणजे गावोगावी जाणारी मोठी टॅक्सी, पूर्ण ठरवून घेणं सोयीचं पडतं. भाडं मात्र बसण्याआधी पक्कं करा.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक वाट आहे. एसाविराचा स्वतःचा छोटा विमानतळ शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे आणि लंडन-पॅरिससारख्या शहरांतून हंगामानुसार तिथे थेट विमानं येतात.

मदिनेत गाडी जात नाही म्हणे. मग सामान?

बरोबर, गाडी वेशीपर्यंतच. बाब स्बा, बाब माराकेश आणि बाब दुक्काला या वेशींपाशी हातगाडीवाले उभे असतात. ते सामान गाडीवर घालून तुम्हाला मुक्कामाच्या दारापर्यंत नेतात. पैसे आधी ठरवायचे. आई-वडिलांना घेऊन जात असाल तर ही सोय जरूर वापरा, आणि खोली शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. रियाद, म्हणजे मधल्या चौकाभोवती बांधलेलं जुनं घर, दिसायला सुंदर असतं, पण जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट जवळजवळ कुठेच नाही.

रस्ता चुकायची भीती मात्र नको. फेझ-माराकेशच्या मदिनेत माणूस हरवतो, इथे मुख्य रस्ते बऱ्यापैकी सरळ आहेत. का ते पुढच्या उत्तरात.

हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला ना?

नाही, जरी कित्येक जण तसं सांगत असले तरी. पोर्तुगीज आले होते हे खरं. राजा मनुएल पहिला याच्या हुकुमावरून १५०६ मध्ये त्यांनी इथे 'काश्तेलु रेआल' नावाचा गड उभारला. भोवतालच्या जमातींनी त्यांना टिकू दिलं नाही आणि १५१० मध्ये गड त्यांच्या हातून गेला. त्याच वर्षी त्याच राजाच्या अल्बुकर्कने गोवा घेतलं आणि तिथे ते साडेचारशे वर्षं राहिले. एकाच सत्तेच्या दोन किनाऱ्यांवरच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

आज दिसतं ते शहर अठराव्या शतकातलं. सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला याला युरोपशी व्यापारासाठी आपल्या ताब्यातलं एक बंदर हवं होतं. १७६० च्या दशकात त्याने थेओदोर कोर्न्यू या फ्रेंच अभियंत्याकडून नगराचा आराखडा करून घेतला. सरळ रस्ते, कमानींचे दरवाजे आणि समुद्राकडे तोंड केलेले तोफांचे बुरूज त्यातून आले. सुलतानाने ज्यू व्यापाऱ्यांच्या घराण्यांना सवलती देऊन इथे वसवलं. सहारा ओलांडून टिंबक्टूकडून येणाऱ्या काफिल्यांचा माल, म्हणजे शहामृगाची पिसं, हस्तिदंत आणि डिंक, इथून जहाजावर चढायचा. उलट वाटेने मँचेस्टरचं कापड आणि चहा यायचा. मोरोक्कोत आज घरोघरी होणाऱ्या पुदिन्याच्या चहातली हिरवी चिनी पत्ती देशात पसरली, त्यात या बंदराचा मोठा वाटा आहे. १८४४ मध्ये फ्रेंच आरमाराने शहरावर तोफा डागल्या. पुढे कासाब्लांकासारखी बंदरं मोठी झाली आणि इथला व्यापार ओसरला. जुनं शहर इतकं शाबूत राहिलं त्याला ही ओहोटीही कारण आहे, असं मला वाटतं.

मग नक्की काय पाहायचं?

पहिल्यांदा 'स्काला', म्हणजे समुद्राकडचा तोफांचा लांबलचक तट. वर चढून चालत जा. कांस्याच्या तोफांची रांग आहे, त्यांतल्या बऱ्याच युरोपात ओतलेल्या. त्यांच्यावरची राजचिन्हं जवळून बघण्यासारखी आहेत. खाली लाटा खडकांवर फुटत असतात. मावळतीच्या वेळी इथे बरीच माणसं जमतात.

दुसरं बंदर. ते नुसतं देखणं ठिकाण नाही, लोकांचं पोट त्यावर चालतं. निळ्या रंगाच्या लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांच्यामागे मोठे ट्रॉलर. कडेला लाकडी होड्या अजूनही हाताने बांधल्या जातात. अर्धवट झालेल्या नौकेच्या फासळ्यांखाली सुतार काम करताना दिसतात. जाळी विणणाऱ्यांचा फोटो काढण्याआधी विचारा. मान हलवून नाही म्हणाले तर पुढे चला.

तिसरी जागा मल्लाह, म्हणजे ज्यू वस्ती, आणि इथे मी तुम्हाला जरा जास्त थांबायला सांगेन. एके काळी शहराच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा ज्यू होता. श्रीमंत व्यापारी कसबा, म्हणजे सरकारी तटबंद भागात राहायचे, गरीब मल्लाहमध्ये दाटीवाटीने. १९४८ नंतरच्या दोन दशकांत बहुतेक कुटुंबं इस्रायल, फ्रान्स, कॅनडाकडे निघून गेली. मल्लाहमधली कितीतरी घरं पडली, काही पाडावी लागली. काही दारांवर कोरलेला सहा कोनांचा तारा अजून दिसतो. २०२० मध्ये जुन्या अत्तिया प्रार्थनागृहाच्या वास्तूत 'बैत दाकिरा' हे स्मृतिगृह सुरू झालं. जुने फोटो, कागदपत्रं, लग्नाचे पोशाख आणि डागडुजी केलेलं प्रार्थनागृह तिथे आहे. घाईत असाल तर पुढे सांगितलेलं संग्रहालय सोडा, पण हे सोडू नका.

सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला संग्रहालय एकोणिसाव्या शतकातल्या एका हवेलीत आहे. तासाभरात होतं.

ग्नावा संगीत म्हणजे काय, आणि ते कुठे ऐकायला मिळेल?

सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी जपलेलं हे संगीत. मुख्य वाद्य गिंब्री. तीन तारांचं, कातडं ताणलेलं, पोटातून घुमणाऱ्या खर्जाचं. सोबत लोखंडी करताल, ज्यांना क्राकेब म्हणतात, आणि ढोल. प्रमुख गायक-वादकाला 'मालेम' म्हणतात. या संगीताचं मूळ रूप रात्रभर चालणाऱ्या 'लीला' नावाच्या विधीत आहे. सात रंग, प्रत्येक रंगाशी जोडलेल्या अदृश्य शक्ती, धुपाचा वास आणि अंगात येणारी माणसं असं त्याचं स्वरूप आहे. तो लोकांच्या श्रद्धेचा आणि उपचाराचा भाग आहे. कोणी आपुलकीने बोलावलं तर जा, पण पैसे देऊन 'शो' म्हणून मागू नका.

एसाविरात ग्नावांचा 'सिदना बिलाल' यांच्या नावाचा झाविया, म्हणजे मठ, आहे. पैगंबरांचे सोबती हजरत बिलाल हे या समाजाचं श्रद्धास्थान. गुजरातेतले सिद्दीही बिलाल यांना मानतात. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा इतिहास आपल्या कोकणालाही परका नाही. हे डोक्यात ठेवून गिंब्री ऐकली तर ती वेगळी ऐकू येते.

ग्नावा आणि जागतिक संगीत महोत्सव १९९८ पासून भरतो, साधारणपणे जूनमध्ये. मोठ्या चौकांतले बरेच कार्यक्रम फुकट आणि सगळ्यांसाठी खुले असतात. त्या दिवसांत शहर ओसंडून वाहतं, म्हणून खोली काही महिने आधी ठरवा. गर्दी नको असेल तर शरद ऋतूतला आंदालुसी, म्हणजे मध्ययुगीन मुस्लीम स्पेनमधून आलेल्या, संगीताचा महोत्सव बघा. त्यात ज्यू आणि मुस्लीम कलाकार एकत्र गातात. ग्नावा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खा. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणबंद भांड्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थ, सगळीकडे मिळतं. अडचण अशी की ते किंवा सात भाज्यांचा कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे) कधीकधी मटणाच्या रश्श्यातच शिजवलेला असतो आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. म्हणून 'भाजी आहे का' एवढ्यावर न थांबता मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, रस्साही नाही, असं एकेक करून विचारा.

बिसारा मागवून पाहा. वाटाण्याचं किंवा सुक्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिऱ्याची पूड. जालूक म्हणजे वांगी, टोमॅटो, लसूण एकत्र शिजवून ठेचलेलं. आपल्या भरताची आठवण होईल. पांढऱ्या घेवड्याची उसळ 'लुबिया' नावाने मिळते. न्याहारीला मसेमन, म्हणजे घड्या घातलेली चौकोनी पोळी, आणि सोबत आम्लू. भाजलेले बदाम, आर्गन या इथल्या झाडाच्या बियांचं तेल आणि मध एकत्र वाटून आम्लू करतात, आणि तो याच प्रदेशाचा. जैन जेवण बाहेर मिळणं अवघड आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बाजारात भाज्या आणि फळं उत्तम मिळतात.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

मदिनेतल्या मासळीबाजारात मासे निवडा, वजन करून घ्या आणि शेजारच्या छोट्या खानावळीत भाजून मागा. सर्वांत ताजी आणि स्वस्त तारली. तिच्यावरच हे बंदर उभं राहिलंय. कोळंबी, माकूळ, लेप, खेकडेही मिळतात. मसाला साधा: कोथिंबीर, लसूण, जिरं, लाल मिरचीची सौम्य पूड, लिंबू. सोबत पाव आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. दर किलोवर आहे की नगावर, आणि भाजणावळ वेगळी का, हे आधी विचारा. वाद होतात ते याच दोन गोष्टींवरून. बाहेर बसून खाताना सीगल पक्ष्यांपासून ताट सांभाळा.

आर्गन तेल खरं कसं ओळखायचं?

आर्गनचं झाड मुळात मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातलं. एक लिटर तेलाला तीसेक किलो फळं लागतात आणि कठीण कवच दगडावर दगड ठेवून हाताने फोडावं लागतं. हे काम पिढ्यान्पिढ्या बायकाच करत आल्या. एवढी मेहनत असताना स्वस्तात मिळणारं तेल शुद्ध असणं शक्य नाही. खाण्याचं तेल भाजलेल्या बियांचं, गडद आणि खरपूस वासाचं. त्वचेला लावायचं कच्च्या बियांचं, फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं. दोन्ही एकाच बाटलीतून देणारा दुकानदार टाळा. शहराबाहेर महिलांच्या सहकारी संस्था आहेत, तिथून घ्या. मात्र 'सहकारी' अशी पाटी लावलेलं प्रत्येक दुकान सहकारी नसतं. तेल काढणाऱ्या बायका सभासद आहेत की नुसत्या पर्यटकांसमोर बसवल्या आहेत, हे सरळ विचारावं.

दुसरी खास वस्तू थुया लाकडाची. स्कालाच्या खालच्या कमानींत आणि आसपास कारागिरांचे गाळे आहेत. मुळाच्या गाठीतून निघालेल्या लाकडावर ठिपक्यांची सुंदर नक्षी असते आणि डबी उघडली की देवदारासारखा वास येतो. घासाघीस करा, पण हाताच्या कामाला पिळू नका.

झाडावर चढलेल्या शेळ्या दिसतात त्या खऱ्या?

शेळ्या आर्गनची फळं खायला खरंच झाडावर चढतात. पण माराकेश-एसाविरा रस्त्यालगत गाड्या थांबतात तिथे दिसणाऱ्या बहुतेक शेळ्या पर्यटकांसाठी फांद्यांवर नेऊन बसवलेल्या असतात आणि तासन् तास उन्हात उभ्या राहतात. तिथे पैसे देऊन फोटो काढू नका, चालकालाही थांबू नका म्हणून सांगा.

समुद्रात पोहता येतं?

पाणी थंड, वारा जोरात. समोरच्या बेटामुळे शहराजवळच्या उपसागरात लाटा त्यामानाने शांत असतात. पोहायचं तर तिथेच, सकाळी. काइटसर्फिंग आणि विंडसर्फिंगला मात्र ही जागा जगभर ओळखली जाते. नवख्यांना शिकवणारी केंद्रं किनाऱ्यावरच आहेत. दक्षिणेला पंचवीस किलोमीटरवरचं सिदी काउकी लाटांसाठी चांगलं. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवा, मदिनेत शिरताना अंग झाका.

एकट्या बाईने जावं का?

माराकेशच्या मानाने इथे मागे लागणं बरंच कमी आहे आणि एकट्या फिरणाऱ्या बाया पुष्कळ दिसतात. रात्री उशिरा मल्लाहकडच्या ओस गल्ल्या आणि निर्जन किनारा टाळा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सोयीचे पडतात. सलवार-कुर्ता तर वाऱ्यालाही बरा. हशीश विकणारे कानाशी कुजबुजतील. न थांबता पुढे जा, हशीश घेणं गुन्हा आहे आणि परदेशी माणसाला सूट नाही.

भाषा? पैसे?

बोलीभाषा दारिजा अरबी, दक्षिणेकडच्या गावांत 'तशेल्हीत' ही अमाझिग (बर्बर) भाषा. फ्रेंच जवळपास सगळीकडे चालते, पर्यटकांच्या जागी इंग्रजीही. तुम्ही भारतीय आहात कळलं की हिंदी सिनेमाच्या गप्पा सुरू होण्याची चांगली शक्यता आहे.

चलन दिर्हाम. ते देशाबाहेर सहज मिळत नाही, म्हणून युरो न्या आणि तिथे बदला, किंवा एटीएममधून काढा. रुपयात हिशेब करायला एक दिर्हाम नऊ-दहा रुपये धरा. खानावळी, हातगाडी, टॅक्सी यांना रोख आणि सुटे लागतात. परतण्याआधी उरलेले दिर्हाम विमानतळावर मोडा.

मशिदी आतून बघता येतात का?

मोरोक्कोत बिगर-मुस्लिमांना मशिदीत प्रवेश नसतो. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद हा ठळक अपवाद आहे. रमझानमध्ये गेलात तर दिवसा काही खानावळी बंद मिळतील, रस्त्यात उघड खाणं-पिणं टाळा. त्या महिन्यात घड्याळही एक तास मागे जातं: एरवी भारत साडेचार तास पुढे असतो, तेव्हा साडेपाच.

जिमी हेंड्रिक्सचं गाव इथलंच ना?

हा अमेरिकी रॉक गिटारवादक १९६९ मध्ये एसाविराला काही दिवस येऊन गेला, एवढं खरं. शेजारच्या दियाबात गावात त्याच्या नावावर चहाची दुकानं आणि किती तरी कथा चालतात. वाळूत खचलेला बुरूज बघून त्याने 'कासल्स मेड ऑफ सँड' हे गाणं लिहिलं, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पण ते गाणं १९६७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. तरी ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने दियाबातकडे चालत जा, चाल सुरेख आहे. वाटेत क्सोब नदीचं मुख लागतं, भरती बघून निघा.

समोरच्या बेटावर जाता येतं का?

परवानगीशिवाय नाही. पहिल्या शतकाच्या सुमारास मॉरेतानिया या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन राज्याचा राजा जुबा दुसरा याच्या काळात इथे समुद्री शंखांपासून जांभळा रंग काढायचे. रोमच्या उमरावांच्या वस्त्रांना तो लागायचा. आज बेट राखीव आहे, कारण एलिओनोराचे ससाणे तिथे वीण घालतात आणि हिवाळ्यात मादागास्करकडे जातात. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी क्सोबच्या मुखाजवळ दुर्बीण घेऊन उभे राहिलात तर ते किनाऱ्यावरूनही दिसू शकतात.

ड्रोन नेऊ का?

नको. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. चार्जरसाठी मात्र युरोपीय पद्धतीचा गोल दोन पिनांचा अडॅप्टर न्या. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही.